फोनवरच राहिलेलं उत्तर

एका गावात एक प्रोग्राम होता. गावात देऊळ असतं, तालीम असते, दूध डेअरी असते, तसा या गावाचा म्हणून एक कॉम्प्युटरचा प्रोग्राम होता. त्याचं नाव दव.

गाव द्राक्षबागांचं. द्राक्षबाग म्हणजे तळहातावरचा फोड, सांभाळावं तितकं थोडं. पानं बराच वेळ सलग ओली राहिली की डावणी नावाची बुरशी पानात शिरते आणि बघता बघता घडापर्यंत पोचते. पान किती तास सलग ओलं राहिलं, यावर सगळा खेळ असतो. हा हिशेब हायस्कूलातल्या मोहिते सरांनी कॉम्प्युटरला शिकवला होता. बागेत एक खांब रोवायचा आणि त्यावर पानाएवढी पट्टी बसवायची. पट्टी ओली झाली की ते प्रोग्रामला कळे आणि सकाळी बागायतदाराच्या मोबाइलवर निरोप येई. ‘आज फवारणी करा’, नाही तर ‘आज फवारणी नको’. निरोप एवढासा, पण वर्षाचं पीक त्यावर उभं असे.

सर मनानं मोठे होते. त्यांनी दव विकलं नाही. प्रोग्रामची आतली सगळी मांडणी त्यांनी इंटरनेटवर उघडी ठेवली. ज्याला वाचायची त्यानं वाचावी, ज्याला सुधारता येईल त्यानं सुधारावी, ज्याला हवी त्यानं फुकट न्यावी. दव तालुक्या-तालुक्यांत पसरलं. मग सरांनी इंटरनेटवरच आणखी एक जागा केली. तिथं कुणीही प्रश्न विचारावा, कुणीही उत्तर द्यावं आणि सगळ्यांनी वाचावं. तिला त्यांनी नाव दिलं चावडी.

चावडी झाली खरी, पण तिकडे कुत्रंही फिरकेना.

त्याला कारण होतं. द्राक्षाच्या मुलखात एक रीत आहे. आपल्या बागेत डावणी आली, हे चारचौघांत बोलायचं नाही. व्यापारी आधी बाग बघून जातो, माल घेण्याचा शब्द देतो आणि डावणीचं नाव कानावर गेलं की तोच शब्द फिरवतो. त्यामुळे ज्याच्या बागेत रोग, तो सगळ्यांत मोठ्यानं हसतो. झाकली मूठ सव्वा लाखाची! चावडीवर प्रश्न विचारला की त्याखाली नाव दिसणार. त्यापेक्षा सरांना फोन केलेला बरा.

सरांचा फोन मग दिवसभर वाजे. एकच उत्तर ते सकाळी एकाला देत, दुपारी दुसऱ्याला आणि शाळा सुटल्यावर तिसऱ्याला. लग्नाच्या पंगतीत बसले तरी फोन येई आणि सर भरल्या ताटावरून उठत. लोक म्हणत, “सर हायत तवर काय काळजी न्हाई.” हे ऐकलं की सरांना जिलबी न खाताच तोंड गोड झाल्यासारखं वाटे. माणूसच ते, वाटणारच.

याच गावात सारिका नावाची सून होती. नवरा फौजेत, दूर सीमेवर. घरात ती आणि सासरे. त्यांना ती आण्णा म्हणे. सारिका शास्त्राची पदवीधर होती आणि लग्नाआधी तिनं कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवलं होतं. यंदा आण्णांचे गुडघे कुरकुरायला लागले, म्हणून बाग तिच्याकडे आली. आणि नेमका यंदाच परदेशात माल पाठवणाऱ्या एका व्यापाऱ्यानं त्यांच्या बागेला शब्द दिला होता. बाग लावली तेव्हापासून आण्णा या शब्दाची वाट बघत होते. तो राखणं आता सारिकाच्या हाती होतं.

सारिकाचा स्वभाव असा, की करायचं म्हटलं की करायचं. तिनं बागेत खांब रोवला. पण पट्टी नेमकी किती उंचीवर बसवायची, ते कुठं लिहिलेलं नव्हतं. तिनं चावडीवर विचारलं. बरेच दिवस कुणी हूं की चूं केलं नाही. मग एका हुशार गृहस्थानं लिहिलं, ‘एवढं तर कुणालाही कळतं.’ काय कळतं, ते मात्र त्यानं लिहिलं नाही.

आण्णा म्हणाले, “अगं, सरांना फोन कर की. चावडीवर कोण बसलंय तुझ्यासाठी?”

तिनं फोन केला. सरांनी लगेच आणि प्रेमानं सांगितलं, घडाच्या उंचीवर, उत्तरेकडं तोंड करून बसवा. सारिकानं पट्टी बसवली. मग चावडीवर जाऊन आपल्याच प्रश्नाखाली ते उत्तर लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सरांचाच फोन आला.

“सारिकाताई, मी तुम्हाला सांगितलं ते तिथं कशाला घातलंत?”

“आणखी कुणाला लागलं तर, सर.”

“लागलं तर मी आहे की.”

सर रागावले नव्हते. पण आपल्या ताटातला घास कुणी न विचारता वाटून टाकावा, तसा त्यांचा सूर होता. तिला वाईट वाटलं. पण ती थांबली नाही. त्यानंतर फोनवर जे जे कळलं, ते ते तिनं चावडीवर लिहिलं. कुणी वाचतंय की नाही, याचा पत्ता लागत नव्हता. आण्णा चिडवायचे, “तुझं भजन जोरात चाललंय, टाळकरी तेवढा एक बी न्हाई.”

“येतील, आण्णा,” ती म्हणायची.

घड फुलोऱ्यात आले आणि अवेळी आभाळ भरून आलं. दिवस मावळायच्या आतच भुरभुर सुरू झाली, ती उजाडेपर्यंत थांबली नाही. सकाळी मोबाइलवर निरोप आला, ‘आज फवारणी नको’. सारिका बागेत गेली. पानांवरून पाणी ठिबकत होतं आणि ओळीतून चालताना तिचे खांदे भिजले. तिच्या मनात शंका आली. पण दव आजवर चुकलं नव्हतं. तिनं फवारणीचा ट्रॅक्टर परत फिरवला. पुढच्या सकाळीही तोच पाऊस आणि तोच निरोप.

मग एक दिवस ऊन पडलं आणि जे व्हायचं ते दिसलं. बागेच्या खालच्या अंगाला पाणी साचतं, तिथल्या ओळींत पानापानांवर तेलकट पिवळे डाग होते. तिनं एक पान उलटलं. खाली पांढरी बुरशी पसरली होती. घडांची फुलं तपकिरी पडायला लागली होती. सारिका बांधावर बसली आणि रडली. पोटभर रडली. मग तोंड धुतलं, घरी गेली आणि लॅपटॉप उघडला.

आधी तिनं पट्टीची नोंद बघितली. पट्टी म्हणत होती, पान दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत ओलं होतं. प्रोग्राम म्हणत होता, पान थोडाच वेळ ओलं होतं. दोघांतला एक चुकत होता. प्रोग्रामची मांडणी उघडीच होती. ती एकेक ओळ वाचत गेली आणि एका ओळीशी थांबली. रात्री बारा वाजता तारीख बदलते. तारीख बदलली की हा प्रोग्राम मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू करत होता. पान बिचारं ओलं ते ओलंच, त्याला तारखेचं काय? पण एक लांबलचक ओली रात्र प्रोग्रामला दोन तुकड्यांत दिसत होती, आणि दोन्ही तुकडे त्याला किरकोळ वाटत होते. एरवी पानांवर दव पडतं ते बारानंतर, म्हणून ही चूक इतके दिवस खपून गेली होती.

तिनं सरांना फोन लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

“ते होय,” ते म्हणाले. “ते मला माहीत आहे.”

“माहीत आहे?”

“मागच्या हंगामात त्या वरच्या गावातल्या बजरंगला हेच झालं होतं. त्याला फोनवर सांगितलं, कुठली ओळ बदलायची ते. त्याची बाग वाचली.”

“आणि मूळ प्रोग्राममध्ये?”

“ते राहिलं. तेवढ्यात दुसऱ्याचा फोन आला, मग तिसऱ्याचा. राहूनच गेलं, ताई.”

सारिकाला राग आला. आडात नसलं तर पोहऱ्यात येत नाही, हे कुणालाही कळतं. इथं आड काठोकाठ भरलेला होता आणि पोहरा कुणी सोडलाच नव्हता. ज्या उत्तरानं तिची बाग वाचली असती, ते गेलं वर्षभर एका फोनच्या बोलण्यात पडून होतं.

“आता ती ओळ कशी बदलायची ते तुम्हाला सांगतो,” सर म्हणाले. “बदलून घ्या. बागेच्या वरच्या अंगाच्या ओळी वाचतील. फक्त एक करा, चावडीवर काही घालू नका. लोकांचा दवावरचा विश्वास उडेल. ज्याला अडचण येईल तो मला फोन करेलच.”

“अडचण आलीय हेच ज्याला माहीत नाही, तो फोन कसा करेल, सर? मलासुद्धा डाग पडल्यावर कळलं.”

सरांनी ओळ कशी बदलायची तेवढं सांगितलं आणि फोन ठेवला.

सारिकानं आपल्या बागेपुरती ती ओळ बदलली. ट्रॅक्टर बोलावून वरच्या ओळींवर फवारणी करून घेतली. आभाळ पुन्हा दाटून येत होतं. पाऊस आणखी राहणार, असं हवामान खातं सांगत होतं. म्हणजे उद्या सकाळी तालुक्या-तालुक्यांत, ओल्याचिंब बागांच्या मालकांना दव सांगणार होतं, फवारणी नको. त्यांतल्या बहुतेकांची नावंही तिला ठाऊक नव्हती.

नुसतं ‘प्रोग्राम चुकतोय’ असं लिहिलं असतं, तर सरांच्या शब्दापुढं तिचं कुणी ऐकलं नसतं. पुरावा हवा होता. पुरावा एकच होता, तिची स्वतःची सडलेली पानं, तिच्या नावानिशी. आणि ती पानं चावडीवर गेली की व्यापाऱ्याला कळायला किती वेळ लागणार?

आण्णांनी तिचा बेत ओळखला. “पोरी, मूठ झाकलेलीच ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “वरच्या ओळी निभावल्या तर व्यापाऱ्याला खालचं कळायचं बी न्हाई. ज्येनं त्येनं आपापलं बगावं.”

“आण्णा, बजरंगनं आपापलंच बघितलं. म्हणून आपल्या खालच्या ओळी गेल्या.”

हातातली काठी जमिनीवर टेकवत, उचलत आण्णा कितीतरी वेळ बागेकडे बघत राहिले. ती बाग त्यांनी हातानं लावली होती. मग म्हणाले, “फोटू नीट काढ. डाग दिसाय पायजेत.”

सारिकानं फोटो काढला आणि चावडीवर लिहिलं, ‘मी सारिका. माझ्या बागेत डावणी आली आहे. फोटो सोबत आहे. रात्री बारा वाजता दवाची मोजणी तुटते, म्हणून ते चुकीचा निरोप देतं. कुठली ओळ बदलायची ते खाली लिहिलं आहे. उद्याच्या निरोपावर विसंबू नका, बागेत जाऊन पानं हातानं बघा. माझं काही चुकत असेल तर इथंच सांगा, फोनवर नको.’

संध्याकाळच्या आत व्यापाऱ्याचा फोन आला. “वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. आमचा बी धंदा हाय. तुम्ही बोलला नसता तर कायतरी जमवलं असतं.”

“बोलले नसते तर डाग पुसले असते का?” सारिका म्हणाली. “कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, शेठ.”

व्यापाऱ्यानं शब्द परत घेतला. सारिकानं फोन ठेवला. बोलताना तिचा आवाज ठाम होता, पण त्या दिवशी तिला भाकरी गोड लागली नाही. आण्णाही अर्ध्यावरून उठले.

इकडे चावडीवर मात्र एक माणूस आला. बजरंग. ‘मला मागच्या वर्षी हेच झालं होतं,’ त्यानं लिहिलं. ‘मी कुणाला बोललो नाही. तेव्हा बोलायला हवं होतं.’ त्याच्या खाली दुसऱ्यानं लिहिलं, ‘माझ्याही बागेत डाग आहेत.’ मग तिसऱ्यानं. जी गोष्ट जो तो घरात दार लावून बोलत होता, ती नावानिशी समोर यायला लागली. आणि मग दिंडोरीकडच्या विमल नावाच्या एका बाईनं लिहिलं. तिच्याकडे मोहिते सरांचा नंबरसुद्धा नव्हता. ‘ताईंनी सांगितलेली ओळ बरोबर आहे, पण काम अर्धंच झालंय. पावसात वीज जाते आणि पट्टी बंद पडते. तेवढा वेळ प्रोग्राम पान कोरडं धरतो आणि मोजणी पुन्हा तुटते. आमच्याकडे वीज रोजच जाते, म्हणून मला कळलं. त्याच्या पुढची ओळपण बदला.’

सारिकानं तपासलं. विमलचं अगदी खरं होतं. सरांचं उत्तर बजरंगच्या बागेपुरतं बरोबर होतं, कारण बजरंगच्या पट्टीला बॅटरी होती. सरांच्या उत्तरात खोट होती, आणि ते सरांनाच माहीत नव्हतं. कसं माहीत असणार? जिला खोट दिसली असती, तिच्या कानावर ते उत्तर कधी गेलंच नव्हतं. चावडी वाचून सरांनी दोन्ही ओळी त्याच दिवशी मूळ प्रोग्राममध्ये बदलल्या. दुसऱ्या सकाळी तालुक्या-तालुक्यांतल्या मोबाइलवर नवा निरोप आला, ‘आज फवारणी करा’. सगळ्या बागा वाचल्या नाहीत, पण पुष्कळ वाचल्या.

आठवडा उलटायच्या आत सर स्वतः सारिकाच्या घरी आले. चपला काढून ओसरीवर बसले. आण्णांनी दिलेला चहा त्यांनी नुसताच हातात धरला.

“माझ्यामुळं तुमची बाग गेली,” ते म्हणाले.

‘नाही हो सर’ असं म्हणणं सोपं होतं. सारिका तसं म्हणाली नाही.

“खालच्या ओळी गेल्या, सर. उत्तर तुमच्याकडं होतं, पण ते माझ्यापर्यंत आलं नाही. अजून काय काय आहे तुमच्याकडं?”

“बरंच आहे,” सर म्हणाले आणि खाली बघू लागले.

“मग आजच सुरुवात करू.”

शाळा सुटली की सर यायचे. ते आठवून आठवून सांगायचे आणि सारिका चावडीवर लिहायची. कुणाचा फोन आला तर सर म्हणायचे, “चावडीवर विचारा, तिथं लगेच सांगतो.” लोक कुरकुरले. सर बदलले, सरांना शिंगं फुटली, असंही कुणी म्हणालं. एका रविवारी सरांचा फोन दिवसभर वाजला नाही. संध्याकाळी सरांचा चेहरा पडलेला होता. ते सारिकाला म्हणाले, “ताई, हे सोपं नाही हो.” सारिकाला त्यांची दया आली. तरी तिनं पुढचा प्रश्न विचारलाच.

त्या हंगामात व्यापारी परत आला नाही. वरच्या ओळींचा माल जवळच्या बाजारात गेला. आण्णांनी खालच्या ओळींतले सडलेले घड आपल्या हातानं काढून पुरले आणि त्याबद्दल सुनेला एका शब्दानं बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी घड पुन्हा फुलोऱ्यात आले. एका सकाळी सारिका चुलीवर चहा ठेवत होती. चावडीवर एका अनोळखी बाईचा प्रश्न आला, ‘पानं ओली आहेत, पण निरोप आलाय, फवारणी नको. घड फुलोऱ्यात आहेत. कुणी आहे का?’ सारिकानं घाईनं हात पुसले आणि लिहायला घेतलं. तेवढ्यात बजरंगचं उत्तर आलं. पट्टीवर कोळ्यानं जाळं केलं असेल, झटकून बघा, आणि पानं ओली असतील तर निरोपावर विसंबून न राहता फवारणी करा. त्याखाली विमलनं औषध किती घ्यायचं ते सांगितलं. मग मोहिते सरांचं नाव दिसलं. त्यांनी एवढंच लिहिलं होतं, ‘बजरंग सांगतो ते बरोबर आहे. मला हे माहीत नव्हतं.’

ज्या माणसाला वर्षानुवर्षं सगळा मुलूख विचारत आला, त्यानं हे सगळ्यांसमोर लिहिलं होतं. सारिका ते वाचत राहिली. चहा उतू गेला.

थोड्या वेळानं त्या बाईनं लिहिलं, ‘जाळंच होतं. फवारणी सुरू केली.’

आण्णा ओसरीवरून म्हणाले, “चा उतू चाललाय आन तू मोबाइल बगून रडतीस. काय झालं? कोण हाय ती?”

“माहीत नाही, आण्णा.”

“मग?”

“तिची बाग वाचली.”

तात्पर्य: आपल्याला ठाऊक असलेलं एकाच्या कानात सांगितलं तर एकाचंच भलं होतं आणि त्यातली चूकही तशीच लपून राहते. तेच सगळ्यांसमोर सांगावं, म्हणजे चार जण ते दुरुस्त करतात आणि ज्याला आपण ओळखतही नाही, त्याच्याही ते वेळेवर कामी येतं.